माळ्यावरचे अकरा डझन: बडोद्यातल्या एका हवाई चपलेचं प्रकरण

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री फुगली, तेव्हा बडोद्याच्या सखल भागातल्या दुकानदारांनी दर पुरात करतात तेच केलं: खालचा माल वर चढवला. दांडिया बाजारात चपलांचं दुकान असलेल्या एका मराठी कुटुंबाचं गोदाम कारेलीबागेत. तिथे पत्र्याखालच्या माळ्यावर जागा करताना भिंतीला चिकटलेले सहा खोके निघाले. पाच पूर्ण भरलेले, प्रत्येकी दोन डझन, सहावा अर्धा. एकूण अकरा डझन, म्हणजे १३२ जोड्या. वर पांढरा थर, खाली निळा, निळी पट्टी. एकेकाळी शहरात घरोघरी न्हाणीघराबाहेर दिसणारी, कारखाना बंद पडल्यावर बाजारातून गेलेली स्थानिक हवाई चप्पल.

(दुकान आणि माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत, म्हणून चपलेलाही नाव नाही. रबराचं वागणं मात्र कुठल्याही दुकानात असंच असतं.)

बातमी रावपुऱ्यापर्यंत जायला दोन दिवस पुरले. "काकू, ती निळी-पांढरी सापडली म्हणे. माझी आठ नंबर बाजूला ठेवा हं," असं सांगणारे साठीचे, आणि "आजोबांना वाढदिवसाला द्यायचीय, कितीही घ्या," म्हणणारे पंचविशीचे. थोरल्या मुलाचं मत, जोडी तीनशेला विकावी. काकूंचं मत, आधी घालून बघावी. काकूंनी सात नंबरची एक जोडी काढून पायात सरकवली, चार पावलं टाकली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ पट्टी कट्कन तुटली.

इथून खरं प्रकरण सुरू होतं.

रबर माळ्यावर स्वस्थ बसत नाही

बंद खोक्यातला माल नवाच, हा समज कापडाला थोडाफार लागू पडतो, रबराला नाही. हवाईचा तळ म्हणजे एमसी (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक बुडबुड्यांची) शीट: नैसर्गिक किंवा कृत्रिम रबर, कडकपणासाठी हाय स्टायरीन रेझिन, भरणीला चिनी मातीसारखी पांढरी पूड, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड, गंधक, आणि फुगवण्यासाठी बहुतेक वेळा डीएनपीटी नावाची पूड. प्रेसमध्ये हे सगळं शिजतं, आत वायूचे बारीक बंद बुडबुडे तयार होतात आणि तळ हलका होतो. शिजणं तिथे संपतं असं वाटतं, पण उरलेलं गंधक पुढची कित्येक वर्षं सावकाश काम करत राहतं, आणि हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्या तोडत-जोडत राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच; असे तीस-एक उन्हाळे त्या खोक्यांनी काढले होते. त्यात बुडबुड्यांमधला वायू हळूहळू बाहेर झिरपतो आणि तळ आक्रसतो.

म्हणून भाव ठरवण्याआधी छाननी. क्रम महत्त्वाचा, कारण सुरुवातीच्याच पायऱ्यांना बराच माल गळतो आणि पुढची मेहनत वाचते.

पहिलं, पांढरी भुकटी. बहुतेक तळांवर राखेसारखा थर होता आणि घरच्यांना ती बुरशी वाटली. ओळखायची रीत सोपी आहे: केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर सोडायची. भुकटी विरघळल्यासारखी नाहीशी झाली तर ते रबरातून वर आलेलं मेण. कोरड्या फडक्याने निघून दोन-चार आठवड्यांनी परत दिसली तर गंधक किंवा तत्सम काही. बुरशी असेल तर ओलसर कुबट वास येतो आणि डाग ठिपक्याठिपक्यांचे असतात. मेण किंवा गंधक असेल तर कोमट साबणपाणी पुरे. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात लावू नये. रबर ते पिऊन फुगतं. पिवळेपणाही मळ नव्हे, तो रबराच्या वयाचा रंग आहे. ब्लीचने तो जात नाही, उलट वरचा थर ठिसूळ होतो.

दुसरं, दुमड. टाच आणि चवडा एकमेकांना टेकतील असा तळ दुमडायचा, दहापर्यंत मोजायचं आणि बाहेरच्या वळणावर उजेडात बघायचं. केसासारख्या रेघा दिसल्या की ती जोडी बाद. अशा तळाचं पंधरवड्यात चवड्याच्या रेषेवर दोन तुकड्यांत विभाजन ठरलेलं. इथे ६१ जोड्या गेल्या, उरल्या ७१.

तिसरं, अंगठ्याचं नख. टाचेत नख जोरात दाबून सोडायचं. चांगल्या तळात खूण उमटते आणि बघता बघता भरून येते. कडक झालेल्या तळात नख शिरतच नाही. रबराचा कडकपणा मोजणारं शोअर ए मीटर असेल तर उत्तम, पण जोड्यांची आपसात तुलनाच करायची असेल तर नखही फसवत नाही. आणखी १४ बाद, उरल्या ५७.

चौथं, माप, आणि खरी गंमत इथे आहे. खोक्यावर आठ नंबर छापलेला तळ भरला २६७ मिलिमीटर. आज बाजारात असलेल्या चांगल्या हवाईच्या आठ नंबरशी ताडलं तर तो २७५च्या आसपास हवा. म्हणजे घट तीन टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण आपल्याकडच्या नंबरपद्धतीत एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. खोक्यात आठ नंबर जवळजवळ सात होऊन बसला होता. शिवाय सगळे तळ सारखे आक्रसत नाहीत. खोक्यात पत्र्याच्या बाजूला असलेले जास्त, मधले कमी. सहा जोड्यांत डावा-उजवा चार-पाच मिलिमीटरने वेगळा निघाला. ते बारा तळ जमिनीवर मांडून पुन्हा जुळवले, तर दोनच जोड्या सरळ जमल्या. हाती उरल्या ५३.

पट्टी

चार खोक्यांतल्या पट्ट्या रबराच्या, बाकी मालाच्या पीव्हीसीच्या. दोन्ही गेलेल्या होत्या, पण वेगवेगळ्या कारणांनी.

रबरी पट्टीला ओझोनने खाल्लं होतं. ओझोनची चीर ताणलेल्या जागीच आणि ताणाला आडवी पडते, म्हणून पट्टी बाकी ठणठणीत दिसते आणि अंगठ्याजवळच्या फाट्यात, जिथे ती कायम वाकलेली असते तिथेच तुटते. काकूंच्या पायात तेच झालं. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलकट मऊकारक मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं बाहेर येतो: आधी पट्टी चिकट होते, मग ताठ. चिकट असताना ती शेजारच्या पांढऱ्या तळाला टेकली होती, तिथे निळसर ठसा उमटला. तो डाग वरचा नाही, रबरात मुरलेला असतो. घासायला बसू नये.

निर्णय: सगळ्या ५३ जोड्यांना नवी पट्टी. दुकानाबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांनी दोन दुपारी घालून हे केलं. त्यांची रीत लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण घरी पट्टी बदलताना बरेच लोक पट्टी वरून खाली ढकलतात आणि मधली खुंटी मुरगळून टाकतात.

जुनी पट्टी वरून कापायची, खालची बटणं आपोआप सुटतात. भोकात साचलेली माती आरीने काढायची, पण आरी फिरवायची नाही, नाहीतर भोक रुंदावतं. नवी पट्टी कोमट पाण्यात, हात घालवेल एवढ्याच, दोन-तीन मिनिटं बुडवायची. उकळत्या पाण्यात पीव्हीसी कायमची वाकडी होते. भोकाला साबणाचं पाणी लावायचं, तेल नाही. तेल वाळत नाही आणि पुढे बटण निसटायला तेच कारण होतं. मग सुतळीचा फास बटणाच्या गळ्यात अडकवायचा, सुतळीची दोन्ही टोकं भोकातून खाली घ्यायची आणि तळ गुडघ्यांत धरून खालून सरळ ओढायचं. बटण तिरपं होऊन शिरतं आणि खालच्या खोलगट घरात टप्पकन बसतं. आधी अंगठ्याचं, मग आतल्या बाजूचं, शेवटी बाहेरचं. तिन्ही बटणं घरात पूर्ण बसली की नाही हे तळ उलटा करून हाताने चाचपायचं. बटण घराबाहेर राहिलं तर ते फरशीला घासतं आणि महिन्याभरात त्याची कड झिजून पट्टी वर निघून येते.

जुन्या तळात एक अडचण आली. भोकंही आक्रसली होती, त्यामुळे आजच्या पट्टीची खुंटी घट्ट बसली. हे चांगलंच. पण बटणाची घरं उथळ झाली होती, ती मोचीकाकांनी गोल पंचाने जेमतेम एक मिलिमीटर खोल केली. मग सामान तोलायचा हुकाचा काटा पट्टीच्या फाट्यात अडकवून आठ किलोपर्यंत ओढलं आणि दहापर्यंत मोजलं. तीन जोड्यांत बटण तळ फाडून वर आलं. ५०.

विकायची तर कितीला

खोक्यावर छापील किंमत १४ रुपये ५० पैसे. नवी पट्टीच त्याहून महाग. थोरल्याची तीनशेची कल्पना इथे अडली: वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि वर नवी चिठ्ठी चिकटवून ती झाकणं तर त्याहून वाईट. त्यातच काकूंनी एक जोडी भिजलेल्या फरशीवर घालून बघितली. कडक झालेलं रबर फरशीला धरत नाही; तळावरची नक्षी शाबूत असली तरी पाय सटकतो. ज्या न्हाणीघरासाठी लोकांना ती चप्पल आठवत होती, तिथेच ती आता धोक्याची.

मार्ग निघाला तो असा. तळ फुकट, पट्टी आणि मजुरीचे ४० रुपये, खोक्यावरचा नंबर न सांगता पाय मापून जोडी, आणि प्रत्येक जोडीबरोबर एक चिठ्ठी: "जुना माल. ओल्या जागी घालू नये. उन्हात ठेवू नये." नमुन्याला ठेवलेली एक सोडून पन्नासही जोड्या चार दिवसांत गेल्या. घेणाऱ्यांपैकी कितींनी त्या घातल्या आणि कितींनी कपाटात ठेवल्या, हा वेगळा विषय.

बाद झालेल्या ८२ जोड्यांचं काय? त्यांचे तुकडे करून शिलाई मशीनच्या आणि कपाटांच्या पायांखाली गेले. काही तळांची चाकं कापून वाड्यातल्या पोरांना दिली. हवाईच्या तळाची गाडी हा खेळ अजून मेलेला नाही, फक्त तळ आता मिळत नाहीत. ईव्हीएच्या, म्हणजे आजच्या हलक्या फोमच्या, चपलेचं चाक दोन दिवसांत चपटं होतं.

पुन्हा करून घेताना

त्या गेल्यावर विचारणा थांबायच्या ऐवजी वाढली. म्हणून कुटुंबाने मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या युनिटला दहा डझनांची ऑर्डर द्यायचं ठरवलं. बडोद्यात हे सोपं जातं. १९६९ साली आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी इथे आली तेव्हापासून रबर-प्लास्टिकची जाण असलेले कारागीर गावात आहेत.

नावाचा प्रश्न आधी सोडवला. जुनं नाव छापायचं नाही. कारखाना बंद असला तरी नावाची नोंदणी कुणीतरी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवलेली असू शकते. पादत्राणं पंचविसाव्या वर्गात येतात आणि तो शोध ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक यादीत कुणालाही घेता येतो. त्यापेक्षा तळावर काहीच न छापणं स्वस्त. रबरी हवाईसाठी आयएस १०७०२ हे भारतीय मानक आहे. युनिटकडे त्याचा परवाना आहे का, हे भाव विचारण्याच्या आधी विचारावं.

युनिटने पहिला नमुना ईव्हीएचा दिला, कारण आज सगळे तेच मागतात. हलकी, चकचकीत, स्वस्त. आठ नंबरचा रबरी तळ सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरतो, ईव्हीएचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुने गिऱ्हाईक असलेल्या एका आजोबांनी ती घालून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ही पायात आहे की नाही तेच कळत नाही हो." तक्रार नेमकी आहे. जड तळ टाचेबरोबर उशिरा उठतो, फरशीवर आपटतो आणि तो फटक-फटक आवाज येतो. (पावसात पाठीपर्यंत उडणारे चिखलाचे शिंतोडे हाही त्याच उशिराचा प्रसाद; त्याची आठवण कुणी काढत नाही.) शिवाय ईव्हीए टाचेखाली दबून बसतं ते परत वर येत नाही, आणि त्यातली पट्टी बदलायची म्हटलं तर भोक ओघळतं.

मग दोन थरांची रबरी शीट. पांढरा थर तीन-चार मिलिमीटर, बाकी निळा, एकूण जाडी दीड सेंटीमीटर. दोन्ही कच्चे थर एकावर एक ठेवून एकाच साच्यात शिजवायचे, डिंक लावून चिकटवायचे नाहीत. प्रेस १५० अंशांच्या थोडी वर, सात ते दहा मिनिटं. झाकण उघडताच शीट फुगून साच्याबाहेर उडी मारते. दोन्ही थरांत गंधक आणि फुगवणारी पूड सारख्या बेताने पडली नाही तर एक थर जास्त फुगतो आणि तळ होडीसारखा वळतो. साधारण ९० बाय ६० सेंटीमीटरच्या शीटमधून आठ जोड्या निघतात, म्हणजे दहा डझनांना पंधरा शीट आणि तपासणीसाठी दोन जास्त.

पहिल्या खेपेत दोन चुका एकावर एक चढल्या. कटिंगचा फर्मा करायला नमुना म्हणून माळ्यावरचा आठ नंबरचा तळ दिला गेला, तोच २६७ मिलिमीटरचा. जुन्या वस्तूची हुबेहूब नक्कल करताना तिचं आक्रसणंही नकलेत आलं. त्यात युनिटने घाईने प्रेसमधून काढलेली शीट त्याच दिवशी कापली. ताज्या शीटमधला वायू आणि ताण निघायचा असतो; तिला भट्टीत ८० ते १०० अंशांवर सहा-आठ तास ठेवून मग तीन-चार दिवस मोकळ्यावर पसरावी लागते. ते न केल्याने कापलेले तळ आठवड्यात आणखी अडीच टक्क्यांनी घटले आणि २६० वर आले. हवे होते २७५. आठ नंबर मागणाऱ्याच्या पायात सव्वासहा. पंचवीस जोड्या काकूंनी परत पाठवल्या आणि युनिटवाल्याला एवढंच म्हणाल्या, "भाई, दोष आमचाही आहे, पण माप तुम्ही घ्यायचं होतं."

दुसऱ्या खेपेला फर्मा २७५चा केला. अंगठ्याचं भोकही जुन्या तळावरून गिरवून चालत नाही, त्याची जागा तीन टक्के वाढवूनच घ्यावी. आणि ते मधल्या रेषेवर नसतं, अंगठ्याच्या बाजूला सरकलेलं असतं, म्हणून डाव्या-उजव्याचे फर्मे एकमेकांची आरशातली प्रतिमा हवेत. शीट घेताना एक अट लावली: नमुन्यावर २०० मिलिमीटरची रेघ मारायची, तुकडा १०० अंशांवर तासभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी मोजायचा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त घटला तर लॉट परत. दुसऱ्या लॉटमध्ये घट दीड मिलिमीटर आली.

वासाचं एक प्रकरण मधेच निघालं. नव्या तळांना माशासारखा वास येत होता आणि युनिटमधला पोरगा शपथेवर सांगत होता की माल चांगला आहे. दोघंही बरोबर होते. डीएनपीटी फुटताना तसा वास सुटतो. मिश्रणात युरिया घातला आणि तळ हवेशीर जागी आठवडाभर टांगले की तो उतरतो. मजा म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना त्यातला थोडा वास राहिलेला आवडला. "हाच तो वास," असं निदान चौघांनी तरी म्हटलं.

दुकानात मग तीन जोड्या मांडल्या, कुठल्याच जोडीवर नाव नाही: माळ्यावरची पट्टी बदललेली, ईव्हीएची, नवी रबरी. साठीच्या वरच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी नवी रबरी उचलली आणि हीच ती जुनी, असं ठामपणे सांगितलं. ब्रँडचं नाव एकानेही विचारलं नाही. पट्टी सुटी मिळेल का, हे मात्र जवळजवळ प्रत्येकाने विचारलं.

त्यासाठी काउंटरखाली आता निळ्या पट्ट्यांचे तीन डबे आहेत: पाच-सहा, सात-आठ, नऊ-दहा. सात-आठचा डबा सगळ्यांत आधी रिकामा होतो. मोचीकाकांनी सुतळीचा फास कायमचा खुर्चीच्या पायाला बांधून ठेवला आहे, आणि पट्टी घ्यायला येईपर्यंतची सोय म्हणून बटणाच्या मानेत आडवी घालायला काकू गल्ल्यातून एक सेफ्टी पिन देतात, फुकट.